गिझरचं सॉकेट बदललं तरी पुन्हा का जळतं? हरवलेल्या सात व्होल्टचा हिशेब

डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशकात एक तक्रार हमखास कानावर येते. गिझरचं सॉकेट काळं पडलंय, जळका वास येतोय, थ्री-पिन टॉप ओढला तर निघत नाही. वायरमन येतो, सॉकेट बदलतो, पैसे घेऊन जातो. संक्रांतीपर्यंत नवं सॉकेटही तपकिरी झालेलं असतं. मग कंपनी चांगली नव्हती असं ठरतं, महागातलं सॉकेट येतं आणि होळीच्या आत त्याचीही तीच गत होते.

महागाचं सॉकेट आणून हे थांबत नाही, कारण उष्णता नेमकी कुठे तयार होतेय हे कुणी मोजलेलंच नसतं. मोजायला एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर आणि शाळेत शिकलेली दोन सूत्रं पुरतात. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पहिलं सूत्र १८२७ पासून छापलेलं आहे, तरी बोर्ड उघडल्यावर ते कुणाला आठवत नाही.

आधी तुमची तक्रार हीच आहे ना, ते बघा. गिझर लावताक्षणी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) किंवा आरसीसीबी (वीज गळाली की बंद होणारा) पडत असेल, तर एलिमेंट फुटून त्यात पाणी गेलेलं असतं किंवा कुठेतरी शॉर्ट असतो. तो आजार वेगळा. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात काहीच पडत नाही, गिझर चालतो, पाणी तापतं, आणि सॉकेट मात्र दर हिवाळ्यात जातं.

आधी गिझरचा हिशेब

१५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर धरू. पाटीवर २३० व्होल्ट लिहिलेलं असतं. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. हा एलिमेंटचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या दांड्याचा, रोध (करंटला होणारा अडथळा). एमसीबी बंद करून, एलिमेंटच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तरी आकडा याच आसपास यायला हवा. एलिमेंटमधली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून ही तपासणी भरवशाची. जुन्या पिवळ्या बल्बवर मात्र हा प्रयोग करून गोंधळात पडू नका. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, आणि थंड असताना मीटर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो, टंगस्टनचा स्वभावच तसा.

आता सॉकेटकडे या. चांगल्या सॉकेटच्या पितळी पाकळ्या पिनेला घट्ट धरतात तेव्हा त्या सांध्याचा रोध काही मिलिओहम असतो. पाच मिलिओहम धरा. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रोध. ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.००५, उत्तर अर्ध्या वॅटच्याही आत. एवढ्याने सॉकेट कोमटसुद्धा होत नाही.

पाकळी जरा सैल झाली, पिनेवर काळा थर चढला आणि तोच रोध ०.१ ओहम झाला, तर साडेसात वॅट. अर्ध्या ओहमला ३६ वॅट. एका ओहमला ७० वॅट. हे सगळे वॅट त्या प्लास्टिकच्या डबीत, सुपारीएवढ्या जागेत तयार होतात. गरम झालं की पाकळ्यांचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी गरम. सुरुवात सावकाश असते आणि शेवट एका आठवड्यात उरकतो.

आता एमसीबी का पडत नाही ते पाहा. एमसीबी फक्त करंट बघतो. सांध्याचा रोध वाढला की सर्किटचा एकूण रोध वाढतो आणि करंट उलट कमी होतो. म्हणजे सॉकेट जळत असताना १६ अँपिअरच्या एमसीबीला नेहमीपेक्षाही कमी काम असतं. "एमसीबी पडला नाही म्हणजे लाईन ओके" या वाक्याला इथे काडीचा अर्थ नाही. आरसीसीबीचंही तसंच, तो गळती बघतो, सांधा नाही. ३२ चा एमसीबी टाकून घ्या असा सल्ला कुणी दिला तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ चा एमसीबी टाकला की त्या वायरीचं संरक्षणच काढून घेतल्यासारखं होतं, आणि सॉकेटचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

२३० दाखवणारा मीटर

इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटमध्ये हेच चाललं होतं. वायरमनने सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घातल्या आणि म्हणाला, "दादा, २३० आहे. लाईन एकदम ओके. सॉकेटच हलकं होतं."

"गिझर चालू ठेवून मोजलं का?"

"गिझर लावला की सॉकेट झाकलं जातं ना. मोजणार कुठे?"

हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो तो इथेच. करंट वाहत नसेल तर सांध्यावर व्होल्टेज पडतच नाही, कारण व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध, आणि शून्य गुणिले काहीही शून्यच. अगदी जळून कोळसा झालेला सांधासुद्धा मोकळ्या सॉकेटवर पूर्ण २३० दाखवेल. टेस्टरही झकास पेटेल. लोड नसताना घेतलेलं व्होल्टेज एवढंच सांगतं की वायर तुटलेली नाही. सांध्यातून ८ अँपिअर जाऊ शकतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून सांधा मोजायचा विचार असेल तर तोही सोडा. साध्या मीटरच्या नुसत्या लीडच एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ ते ०.५ ओहम दिसतात. शोधायचाय अर्धा ओहम, आणि चूक तेवढीच. शिवाय मीटर अगदी क्षीण करंट सोडून रोध मोजतो. ८ अँपिअर गेल्यावर तोच सांधा कसा वागेल, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणून गिझर चालू ठेवून व्होल्टेज मोजायचं, आणि एका जागी नाही, रस्त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर. यासाठी बोर्डची प्लेट उघडी आणि लाईन चालू ठेवावी लागते, तेव्हा हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. हौसेने करायचं काम नव्हे हे, बाथरूमच्या ओल्या फरशीवर तर मुळीच नाही. तुम्ही बाजूला उभं राहून आकडे कागदावर लिहा. हिशेब तुम्हाला करता येईल.

त्या फ्लॅटमधले आकडे असे होते. गिझर बंद असताना सगळीकडे २३०. गिझर चालू केल्यावर मेन डीबीवर (जिथून घरातल्या सगळ्या लाईनी निघतात त्या एमसीबीच्या पेटीवर) २२८, बाथरूमच्या बोर्डमागे वायर जिथे येते तिथे २२६.३, आणि गिझरच्या झाकणाखालच्या टर्मिनलवर २१९. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती जबडा धरून करंट मोजणारा मीटर) ८.३ अँपिअर. क्लॅम्प लावताना एकच वायर त्याच्या जबड्यात घ्यायची. अख्खी कॉर्ड घेतली तर फेज आणि न्यूट्रलचे करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. मग "गिझर करंटच घेत नाही" असा शोध लागतो.

डीबी ते बोर्ड, १.७ व्होल्ट गेले. १.७ भागिले ८.३, म्हणजे ०.२ ओहम. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. १४ मीटर जायचं आणि १४ मीटर परत यायचं, म्हणजे २८ मीटरचे ०.२ ओहम. हिशेब जुळला, भिंतीतल्या वायरीचा दोष नाही. (परतीची लांबी धरायला विसरलात तर उत्तर निम्मं येतं आणि निर्दोष वायर दोषी ठरते. भिंत फोडायची वेळ येते ती अशाने.)

बोर्ड ते गिझर मात्र ७.३ व्होल्ट गेले. मधे आहे काय? एक स्विच, सॉकेट, टॉप आणि दीड मीटरची कॉर्ड. कॉर्डचे फार तर ०.३ व्होल्ट. उरले ७. त्याला ८.३ ने भागा, ०.८४ ओहम. ७ ला ८.३ ने गुणा, ५८ वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. अशा दोन आयर्न बोर्डच्या डबीत कोंबून रोज सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत चालू ठेवल्या, तर सॉकेट किती दिवस टिकेल?

मग एकेक तुकडा मोजला. मीटरची एक पिन तुकड्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. स्विचवर ०.२ व्होल्ट. फेजच्या बाजूला, सॉकेटच्या मागच्या स्क्रूपासून गिझरच्या टर्मिनलपर्यंत, १.३. न्यूट्रलच्या बाजूला तेवढ्याच अंतरात ५.८. म्हणजे मुख्य चोर न्यूट्रलची पाकळी होती. न्यूट्रलवर टेस्टर पेटत नाही, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच गेलेलं नव्हतं.

हिशेबात एक गफलत नेहमी होते, ती सांगून ठेवतो. वॅट काढायला व्होल्टचा वर्ग भागिले रोध हेही सूत्र चालतं. कुणीतरी ०.८४ ओहम घेतो, वर २३० चा वर्ग ठेवतो आणि उत्तर येतं ६३ हजार वॅट. एवढ्यात तीसेक गिझर एकदम चालतील! सूत्र बरोबर आहे, घातलेला व्होल्ट चुकलाय. ज्या तुकड्याचा रोध घेतला, त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं. सांध्याच्या टोकांमध्ये २३० नाहीत, ७ आहेत. ७ चा वर्ग ४९, भागिले ०.८४, बरोबर ५८.

बदलायचं काय

सॉकेट एकटं बदलू नका. जुन्या टॉपच्या पिना काळवंडलेल्या, खड्डे पडलेल्या असतात. नव्या सॉकेटच्या कोऱ्या पाकळ्यांत त्याच पिना घातल्या की पहिल्या दिवसापासून रोध जास्त. सॉकेट आणि टॉप जोडीनेच बदलायचे, दोन्ही १६ अँपिअरचे. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून कन्व्हर्टर लावून गिझर चालवत असाल तर तो आजच काढा.

वायरीची टोकं हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. उष्णता लागलेलं तांबं काळपट होतं, त्यावरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. घाईत वायरमन तेच टोक नव्या स्क्रूखाली दाबतो. तांबं लखलखीत दिसेपर्यंत वायर मागे कापायला लावा. बोर्डमध्ये वायर अपुरी पडली तर तुकडा जोडू नका, मागून ओढून घ्या, नाहीतर नवी टाका. कॉर्डच्या बारीक तारांना लग किंवा फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून मगच स्क्रूखाली घ्या. तारांवर सोल्डर चढवून ते टोक स्क्रूखाली दाबायची सवय काहींना असते. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांत स्क्रू सैल.

पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांत आणखी एक प्रकार सापडतो, जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर पिळून जोडलेली आणि वर टेप. अॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. असा सांधा गिझरच्या लाईनवर ठेवूच नये. नवी तांब्याची लाईन ओढणं परवडत नसेल तर निदान दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर वापरा.

३००० वॅटचा इन्स्टंट गिझर असेल तर करंट १३ अँपिअर. वर्गाचा नियम लक्षात घ्या, त्याच सांध्यात उष्णता सव्वादोन पट होते. तिथे मी सॉकेट-टॉपच्या भानगडीत पडत नाही. डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच आणि थेट टर्मिनलला जोडलेली वायर.

काम झाल्यावर पुन्हा मोजा, लोडवर. त्या फ्लॅटमध्ये गिझरच्या टर्मिनलवर २१९ चे जवळपास २२६ झाले, करंट साडेआठच्या वर गेला. एलिमेंटला आधी १८१८ वॅट मिळत होते, आता १९३० च्या आसपास. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला आधी २६ मिनिटं लागत होती, आता साडेचोवीस. दीड मिनिटाचा फरक आंघोळीला जाणाऱ्या कुणाच्या लक्षात येणार? वीजबिलातही तो दिसत नाही. मग हा त्रास थंडीतच का? एप्रिलात टाकीतलं पाणी २८ अंशांचं असेल तर २००० वॅटच्या गिझरला १७ मिनिटं पुरतात, डिसेंबरात त्याच कामाला साडेतेवीस. त्यात एकामागून एक चार जणांच्या आंघोळी. सांधा गार व्हायला उसंतच मिळत नाही.

सॉकेट गार, पण पाणी तापत नाही

हा दुसरा प्रकार, आणि याच्यावर उगाच एलिमेंट बदलले जातात. लाईनचं व्होल्टेजच २०० वर आलं तर त्याच २६.४ ओहमच्या एलिमेंटमधून ७.६ अँपिअर जातात आणि १५१५ वॅट मिळतात. व्होल्टेज १३ टक्क्यांनी उतरलं, पण वॅट जवळपास चौथाईने. "व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो" हे वाक्य मोटरचं आहे, गिझरला लावू नका. एकलहऱ्याचं थर्मल स्टेशन इतकं जवळ असूनही व्होल्टेज कमी कसं, असंही लोक विचारतात. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते. तुमच्या घरी किती व्होल्ट पोचतात ते तुमच्या भागातल्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड आणि तिथून येणारी वायर ठरवते.

बोर्ड न उघडता गिझरचे वॅट काढायचे असतील तर घरातलं बाकी सगळं बंद करा, गिझर चालू करा आणि वीजमीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुक ते मीटरवर छापलेलं असतं. ३२०० असतील तर २००० वॅटला मिनिटाला १०७ यायला हवेत. ८० च्या आसपास आले तर सुमारे १५०० वॅटच जाताहेत. आधी डीबीवरचं व्होल्टेज बघा, एलिमेंटवर संशय नंतर. खराब सांधा मात्र या युक्तीने सापडत नाही, कारण सांध्यात जळलेले वॅटही मीटर मोजतोच.

द्राक्षबागेतली मोटर

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून येणारी तक्रार वरून वेगळी दिसते. थंडीत बागेला पाणी द्यायला पहाटे मोटर लावली की ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडतो. मग रिलेचं सेटिंग वाढवलं जातं, आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

इथे एक सावधगिरी हवी. मोटरचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तर जो आकडा येतो तो वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध नसतो. मल्टिमीटर वाइंडिंगवर त्याहून कितीतरी कमी ओहम दाखवतो, आणि ते पाहून वाइंडिंग शॉर्ट झालं असं समजू नका. चालू मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे करंटला वेगळा अडथळा होतो. वॅटसुद्धा नुसत्या गुणाकाराने येत नाहीत. थ्री फेजला १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला किती हिस्सा खरे वॅट, तो आकडा). ४०० व्होल्ट, ९ अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर साधारण ५ किलोवॅट. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, पण ते मोटरच्या शाफ्टवरचे, बाकीचे मोटरच्या आत उष्णता होऊन जातात.

केबल आणि सांध्यांना मात्र गिझरचाच हिशेब लागू. स्टार्टरपासून विहिरीतल्या पंपापर्यंत ३०० मीटर, केबल २.५ चौरस मिलिमीटरची. किलोमीटरला ८ ओहम धरले तर प्रत्येक तारेचे २.४ ओहम. ९ अँपिअरला तीन तारांत मिळून ५८० वॅटच्या वर नुसती उष्णता, आणि फेज-फेजमध्ये तीसेक व्होल्ट गायब. पहाटे सगळ्यांच्या मोटरी चालू, स्टार्टरवर ३८०, मोटरला पोचले ३५०. मोटर तेवढंच पाणी उचलायला करंट वाढवते, करंट वाढला की केबलवर आणखी व्होल्ट पडतात. रिले पडतो तो बरोबरच पडतो. ६ ची केबल टाकली तर रोध एका ओहमवर येतो आणि तीच उष्णता अडीचशे वॅटच्या आत.

केबलचा खर्च मोठा आहे, म्हणून आधी स्टार्टर तपासा. वायरमनला मोटर चालू ठेवून कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मुख्य स्विचच्या) प्रत्येक पॉइंटच्या वर-खाली व्होल्टेज मोजायला सांगा. चांगल्या पॉइंटवर मीटर जेमतेम हलतो. तिन्हींपैकी एकावर २-३ व्होल्ट दिसले, तर ९ अँपिअरला तिथे १८ ते २७ वॅट जळताहेत आणि त्या फेजला मोटर कमी व्होल्टेजवर चालतेय. पॉइंटचा संच आणि स्प्रिंगा बदला, किटकॅटच्या (फ्यूजच्या) पट्ट्या घासून घट्ट करा, रिले मोटरच्या पाटीवरच्या करंटला लावा. मग पुन्हा पहाटे, शेजारच्या मोटरी चालू असताना, स्टार्टरच्या खालच्या टोकाला तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट घ्या. तिन्ही सारखे आले आणि तरी रिले पडतोय, तर आता केबलची लांबी मोजायला घ्या.